नावाची ओळ

माणगंगा विद्यापीठात पाहुणा आला की त्याला आधी संगम भवन दाखवतात. फोंड्या माळावर उभी असलेली ही काचेची लांबलचक इमारत, आणि आत दारं नाहीत. ती मुद्दामच ठेवली नाहीत. मेंदूविज्ञानाच्या यंत्रांना लागून लोकसाहित्यवाल्यांचे ढोल टांगलेले, गणिताच्या पोरांचा चहा परिचर्येच्या पोरींच्या टेबलावर, आणि मातीचा अभ्यास करणारा एक म्हातारा प्राध्यापक रोज दुपारी भाषाशास्त्राच्या सोफ्यावर घोरत पडलेला. कुंपण काढलं की पिकं एकमेकांत मिसळतात, असं पहिल्या कुलगुरूंचं म्हणणं होतं. ते शेतकऱ्याच्या घरचे नव्हते, म्हणून त्यांना ते सुचलं.

विद्यापीठ सरकारी. म्हणून इथं जे सापडेल ते सगळ्यांसाठी खुलं करायचं, हा पहिला नियम. दुसरा नियम असा की इथल्या प्रत्येक जोडविद्येला दोन प्रमुख, तेही दोन वेगळ्या शाखांचे, आणि दोघांची सही झाल्याशिवाय काहीही पुढं सरकायचं नाही.

"दोन घरचा पाहुणा उपाशी," पहिल्या दिवशी डॉ. फिरोज मुल्ला हसून म्हणाले होते. ते मिरजेचे, मेंदूविकारांचे तज्ज्ञ, बोलायला गोड आणि चहाला कडक.

"इथं पाहुणा कोण आहे, डॉक्टर? आपण दोघंही घरचेच," यमुना कोळेकर म्हणाली.

ती लोकसाहित्याची प्रमुख. खरजवाडीच्या बिरू कोळेकर या मेंढपाळाची लेक. बिरू ओव्या गायचा. धनगरी ओवी, कानावर हात ठेवून, माळाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचेल अशी. त्या ओव्यांचा अभ्यास करता करता यमुना इथवर आली होती. दोघांच्या जोडविद्येचं नाव ठेवलं होतं कंठविद्या, आणि त्यांनी घडवलेल्या यंत्राचं नाव होतं कान.

कान काय करतो, हे फिरोज शाळेतल्या पोरांनाही समजेल असं सांगत. माणसाला एक अक्षर उच्चारायचं तर छाती, गळा, जीभ, ओठ यांच्या कितीतरी स्नायूंना एकमेकांची वेळ सांभाळून हलावं लागतं. ती वेळ मेंदूतले काही इवले पुंजके राखतात, जशी बँडमधल्या सगळ्यांची वेळ एक ढोलवाला राखतो. कंपवातासारख्या रोगात त्या पुंजक्यांतल्या पेशी मरायला लागतात. आणि हात थरथरायच्या पुष्कळ वर्षं आधी मरायला लागतात. तेव्हा आवाजाची वेळ कणभर ढिली होते. इतकी कणभर, की आईलाही कळत नाही. बोलताना माणूस ती चूक नकळत झाकून घेतो. पण एकाच श्वासावर सूर लांबवत नेला, छाती रिकामी होईपर्यंत नेला, की झाकण निघतं. तिथं कान ऐकतो.

शहरातल्या माणसाला असा सूर लांबवता येत नाही. शिकलेले गवई तालमीच्या जोरावर डळमळ लपवतात. ओवी गाणारा मात्र प्रत्येक ओळीच्या शेवटी गळा मोकळा सोडून देतो. म्हणून फिरोजना यमुना हवी होती, आणि यमुनेनं वर्षानुवर्षं माळ तुडवून गोळा केलेली ध्वनिमुद्रणं हवी होती. त्यातले काही गाणारे पुढं आजारी पडले होते, काही थरथरत वारले होते. कुणाचं पुढं काय झालं ते माहीत होतं आणि आधीचा आवाज जपलेला होता. त्यावर कान शिकला. शिकून झाल्यावर तो तीन रंगांत बोलू लागला: हिरवा, पिवळा, तांबडा.

यमुनेला या सगळ्यात एकच गोष्ट सांभाळायची होती, ती म्हणजे नावाची ओळ.

ओवी संपताना गाणारा आपलं नाव गुंफतो. बापाचं नाव, गावाचं नाव, आणि मग आपलं. ते झाल्याशिवाय ओवी देवाला पोचत नाही, असं मानतात. कॉलेजात असताना यमुनेला ग्रंथालयातल्या एका जुन्या संग्रहात बापाची, आबांची ओवी सापडली होती. शब्दाला शब्द तीच होती, फक्त शेवटची ओळ कापलेली, आणि खाली छापलं होतं, 'गायक अज्ञात'. तेव्हा आबा जिवंत होते. घरी मेंढीच्या पाठीला टेकून बसले होते. तिनं पुस्तक मिटलं आणि मनाशी ठरवलं, आपल्या हातून कुणाची नावाची ओळ कापली जाणार नाही.

*

भावाला तिनं बिरोबाच्या बनात गायला बसवलं. म्हाळू तिच्याहून धाकटा. बाप गेल्यावर मेंढरं त्याच्याकडं आली आणि गळाही त्याच्याकडं आला. जत्रेत म्हाळू उभा राहिला की ढोलवाले आपोआप सरळ व्हायचे.

"आक्का, ह्यो तुजा कान लई शाना हाय म्हन की," त्यानं त्या तळहाताएवढ्या डबीकडं बघत विचारलं. "काय खातुया?"

"वीज."

"मंग बरं. मला वाटलं मास्तरीणबाईच्या डोस्क्यावर जगतुया. उपाशी मेला आस्ता."

त्याची बायको कोमल तोंडाला पदर लावून हसली. ईश्वरी, त्यांची लेक, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, ती म्हणाली, "आत्या, बापूला आधी पाणी पाज. काल दिवसभर मेंढरांवर ओरडलाय."

"मेंढरांवर न्हाई, तुज्यावर वरडलो. मेंढरं ऐकत्यात."

मग यमुनेनं त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. यंत्र काय शोधतं, रंगांचा अर्थ काय. ज्याला आपला रंग कळून घ्यायचा असेल त्यालाच, आणि माणूस सोबत बसवून, सांगायचा. ज्याला नको असेल त्याला कधीच नाही. परिचर्या विभागानं ही पद्धत मोठ्या निगुतीनं घडवली होती. तिचा सगळ्यांना अभिमान होता.

म्हाळू बराच वेळ भंडाऱ्यानं पिवळे झालेले हात चोळत राहिला.

"आबाचं हात थरथरायचं," तो म्हणाला.

"हो."

"लोक म्हनायचे, बिरोबाचं वारं हाय. पाया पडायचे. शेवटी शेवटी घास तोंडापातूर जायचा न्हाई, तरी पाया पडायचे." त्यानं डबीकडं बघितलं. "मलाबी वाटायचं, मोठा झालो की मला वारं येनार."

घराण्यात उतरणारा कंपवात असतो. बापाला असला तर लेकराला होण्याचा संभव निम्मा, हे तिला फिरोजनी सांगितलं होतं. तेव्हापासून तिनं आबांच्या हातांची आठवण मनातल्या मनात सुद्धा उघडली नव्हती.

"माजा आवाज घे," म्हाळू म्हणाला. "दुसऱ्या कुनाच्या कामाला यील. पर तांबडं आलं तरी मला सांगू नगंस. हिरवं आलं तरी सांगू नगंस. तूबी बघू नगंस. तुज्या तोंडावर दिसतंय सगळं, ल्हानपनापास्नं."

"नाही बघणार. शब्द."

"आन तू गा की त्येच्याम्होरं."

"काम करणाऱ्यानं आपणच नमुना व्हायचं नसतं. तसा नियम आहे."

"बरा हाय नियम," तो म्हणाला. "आचाऱ्यानं जेवायचं न्हाई."

मग त्यानं कानावर हात ठेवला. बनातली पाखरं उडाली. बिरोबाच्या जन्माची ओवी त्यानं गायली, सूर सोडत, छातीतला वारा संपेपर्यंत सोडत. आणि शेवटी, डोळे मिटून,

*माणगंगेच्या कडंला, कोरडी वाळू*
*तिथं ओवी गातो, खरजवाडीच्या बिरूचा ल्योक म्हाळू*

यमुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. डबीवरचा दिवा तिनं पालथ्या तळहातानं झाकून घेतला. तिनं रंग बघितला नाही.

*

कान खुला करायची वेळ आली तेव्हा बैठकीला वेळ लागला नाही. सगळेच आनंदात होते. परदेशातल्या दोन विद्यापीठांनी विचारणा केली होती. कुलगुरूबाई म्हणाल्या, "जगाला पडताळून बघायचं असेल तर नुसतं यंत्र देऊन चालणार नाही. आवाजही द्यावे लागतील, आणि कुठल्या आवाजाला कानानं कुठला रंग दिला तेही."

"नावं आम्ही काढून टाकलीत," फिरोज म्हणाले. "प्रत्येकाला फक्त आकडा."

"आणि ओव्या अर्ध्या तोडून देऊ नका," यमुना म्हणाली. "तुम्हाला लांबवलेला सूर तेवढा लागतो, ठाऊक आहे मला. पण ओवी द्यायची तर अख्खी. तुकडे करायला ती कोंबडी नाही."

"अख्खी तर अख्खी. आम्हाला काय, यंत्र हवं ते उचलतं."

दोघांनी सही केली.

फिरोजनी ध्वनिमुद्रणांवरची लेबलं काढून टाकली होती. नाव, वय, गाव, सगळं. आवाजाच्या आत नाव असेल हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या विभागात कुणीच कधी ओवी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. यंत्र मधला सूर उचलायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. आणि यमुनेनं प्रत्येक ओवी शेवटपर्यंत ऐकली होती, पुनःपुन्हा ऐकली होती. पण नावाची ओळ तिला कधी नाव वाटलीच नाही. ती तिला ओवी वाटत आली. माहिती म्हणजे जे आपण तक्त्यात भरतो ते. आणि हे तर गाणं होतं.

एका घरानं विचार केला, ते दुसरं घर बघेल. दुसऱ्या घरानं तोच विचार केला. मधल्या जागेत, जिथं दारं नव्हती, तिथं कुणीच उभं नव्हतं.

*

पावसाळा सरला. बाहेरच्या कुठल्याशा कंपनीनं तो खुला कान उचलून फुकट मोबाईलमध्ये बसवला. फोन कुणाच्याही आवाजासमोर धरा, रंग दिसेल. आणि गंमत म्हणून, सोबत विद्यापीठाच्या सगळ्या ओव्या, शब्दांवरून शोधता येतील अशा. गावाचं नाव घाला, त्या गावाची ओवी निघेल. रंगासकट.

ईश्वरीचा फोन आला तेव्हा यमुना वर्गात होती. पलीकडून आला तो आवाज ईश्वरीचा नव्हता. गुळगुळीत, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा.

"आत्या, मी पडदा लावलाय," तो आवाज म्हणाला. पडदा म्हणजे कानाला रंग सापडू नये म्हणून आवाज घासून पुसून सारखा करणारी सोय. शहरात पुष्कळ जण वापरू लागले होते. "तशीच बोलते. चालेल ना?"

"काय झालं, बाळा?"

"बापू बाजारात मेंढरं घेऊन गेला होता. तिथल्या दलालानं मोबाईलवर ओवी लावली. सगळे जमले. बापूचीच होती, बनातली. बापू खूश होऊन उभा राहिला. शेवटची ओळ झाली. मग दलालानं मोबाईल वर धरला, सगळ्यांना दिसावा म्हणून."

यमुनेनं भिंतीला हात टेकला.

"तांबडा होता, आत्या."

पुढं कितीतरी वेळ तो गुळगुळीत आवाज तसाच, एका पट्टीत बोलत राहिला. त्या आवाजाला रडता येत नव्हतं.

*

फिरोज काचेपाशी उभे होते. त्यांनी आजवर कधी टाय सैल केला नव्हता. आज केला होता.

"मी म्हणालो होतो, नावं काढली."

"हो. म्हणाला होतात."

"तुम्हाला माहीत होतं ती गाण्यात असतात."

"हो."

"मग बोलला का नाहीत, यमुनाताई?"

"ते नाव आहे असं मला वाटलंच नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही एवढे आवाज घेतलेत, डॉक्टर. एक तरी ओवी संपेपर्यंत ऐकायची होती."

फिरोज काचेकडं वळले. मग म्हणाले, "तांबडा म्हणजे होणारच असं नाही. संभव आहे. माणसाला असं जगता येतं. व्यायाम आहे, चालणं आहे."

"औषध?"

"नाही."

"तो दिवसभर मेंढरांमागं चालतो, डॉक्टर. अजून किती चालायला सांगू?"

विद्यापीठानं त्याच आठवड्यात सगळ्या ओव्या मागं घेतल्या. दिलगिरीचं पत्रक निघालं. त्यावरही दोन सह्या होत्या. पण वाऱ्यावर सोडलेलं भूस कुणी परत पोत्यात भरलंय? ओव्या हजार ठिकाणी जाऊन पडल्या होत्या. एस.टी.तल्या एका चालकाला गाडीवरून उतरवून कचेरीत बसवलं, कारण त्यानं तरुणपणी एकदा हौसेनं ओवी गायली होती. एका म्हातारीच्या सुना आपापसात ठरवू लागल्या, पुढं हिला कुणी बघायचं. ज्यांचा रंग हिरवा होता त्यांचीही गत फार वेगळी नव्हती. त्यांना लोक पुन्हापुन्हा गायला लावत, अजून हिरवाच आहे का बघायला.

त्या वर्षी बनातल्या जत्रेत ढोल वाजले, गजी नाचणाऱ्यांनी फेर धरला. ओवी गायला कुणी उठलं नाही. पुजाऱ्यानं तिघा-चौघांना हात धरून उठवायचा प्रयत्न केला. ते खाली बघत राहिले. शेवटी कुणीतरी पडदा लावलेला कर्णा आणला आणि त्यातून एक ओवी वाजवली. आवाज स्वच्छ होता, गोड होता, कुणाचाच नव्हता. शेवटची ओळ त्यात नव्हती.

*

दिवाळीनंतर यमुना वाड्यावर गेली. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम; भिंत नाही, छप्पर नाही. हल्ली माळावर मैलोन्‌मैल सौरपट्ट्यांच्या रांगा उभ्या आहेत आणि खालच्या सावलीतलं गवत चारायला कंपनी मेंढपाळांना आत सोडते. खांबाखांबावर आवाज टिपून चोरीची चाहूल घेणाऱ्या डब्या बसवलेल्या. निळसर काचांच्या त्या छपराखाली कोमल चुलीपाशी बसली होती.

"या, वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली. "बसा. चा टाकते."

"कुठं आहे?"

कोमलनं मानेनं दाखवलं. रांगेच्या टोकाला म्हाळू उभा होता, पाठमोरा. त्यानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली आणि कळप वळला.

"मेंढरांना सुदिक हाक मारत न्हाईत," कोमल म्हणाली. "बाजारापास्नं तोंडातनं सबूद न्हाई. आधी लोक फोन करायचे. अनोळखी पोरं. नुस्तं 'हॅलो' म्हना म्हनायची, आन आपल्यात हसायची. वाढलंय का बगत हुती, वन्सं." तिनं चुलीतलं लाकूड उगीच पुढं सारलं. "येक दिस फोन विहिरीत टाकला त्यांनी. त्या दिसापास्नं ते आसंच."

"तुझ्याशीही नाही?"

"राती पाय दाबताना हं म्हनतात. त्येबी नाकातनं."

ईश्वरी पट्टीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसली होती. तिनं आत्याकडं पाहिलं, हसली, आणि ओठ न उघडता मान हलवली. तिच्या गळ्यात पडद्याची चकती लोंबत होती. तिच्याही वाट्याला निम्मा संभव येतो. ते तिला कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

यमुना भावापाशी जाऊन उभी राहिली.

"म्हाळू."

त्यानं वळून पाहिलं. रागाचा चेहरा तिनं मनात धरून ठेवला होता. गाडीत येताना त्या रागाशी ती भांडत आली होती, त्याच्या पाया पडत आली होती. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थकलेल्या पाहुण्याला बघावं तसं त्यानं तिला बघितलं आणि खांद्यावरचं घोंगडं काढून तिच्यासाठी जमिनीवर अंथरलं.

"शिवी घाल," ती म्हणाली. "एक तरी घाल. लहानपणी कसा घालायचास."

तो उकिडवा बसला. ती घोंगड्यावर बसली. मेंढरं पट्ट्यांखाली शिरून चरत होती, त्यांच्या दातांचा कुरकुर आवाज येत होता.

"मी नाही बघितलं रे. तुला शब्द दिला होता. सगळ्या जगानं बघितलं, मी बघितलं नाही. अजूनही बघितलेलं नाही." तिला स्वतःचंच बोलणं पोकळ वाटलं. "विद्यापीठ तुझं नाव काढून टाकायला तयार आहे. आता काढून काय होणार, तेही सांग म्हणावं."

त्यानं एक काडी उचलली, मोडली, टाकून दिली.

यमुनेला एकदम वाटलं की यातून सुटका नाही, पण एक गोष्ट अजून हाताशी आहे. ती इतके दिवस बाजूला उभी होती. सगळ्यांचे गळे तिनं यंत्रापुढं उघडले आणि आपला मिटून ठेवला. नियम होता, बरा होता नियम. तिनं पर्समधून फोन काढला, त्यात कान होताच, आता सगळ्यांच्याच फोनमध्ये असतो. तो तिनं घोंगड्यावर उताणा ठेवला, डावा हात कानाला लावला.

म्हाळूच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ईश्वरी पुस्तक ठेवून उठली.

यमुनेनं गेल्या कित्येक वर्षांत गळा सोडला नव्हता. पहिला सूर फाटला. दुसरा लागला. तिच्या आजीकडून आईकडं आणि आईकडून तिच्याकडं आलेली चाल होती, शब्द मात्र तिथंच, त्या निळ्या सावलीत सुचले.

*बहीण-भावंडं आम्ही, एका कणसातलं दाणं*
*एकाला लागली कीड, दुज्यानं कशाचं गाणं*

सूर लांबत गेला. कळपातल्या मेंढरांनी माना वर केल्या. कोमल चुलीपाशी उभी राहिली, हातात चहाची पळी तशीच. यमुनेनं श्वास भरला. आता नावाची ओळ. लागू दे नाव. भावाच्या नावाशेजारी, त्याच रंगाचं, नाही तर कुठल्याही रंगाचं.

*माणगंगेच्या कडंला, खरजवाडीच्या बिरूची लेक*

पुढचा शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडला नाही. म्हाळू गुडघ्यांवर सरकत जवळ आला होता आणि त्यानं आपला उजवा तळहात तिच्या तोंडावर ठेवला होता. दुसऱ्या हातानं त्यानं फोन पालथा केला आणि घोंगड्याच्या घडीत खोल दाबून टाकला. मग तो तिच्या कानाशी वाकला.

तो बोलला, पण कुजबुजला. कुजबुजताना गळ्यातले स्वरतंतू हलत नाहीत, नुसता वारा जातो; तिथं कान बहिरा असतो. हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. की त्याचं त्यालाच सापडलं होतं, इतक्या दिवसांच्या मुक्यात.

"नगं आक्का," तो म्हणाला. "आपल्या घरातलं येक तरी कुनाला ठावं नसू दे. तुला बी ठावं नसू दे."

तिनं मान हलवायचा प्रयत्न केला. त्यानं हात काढला नाही.

"माज्या पोरीला तुज्याकडं बगू दे," तो कुजबुजला. "येवढंच ऱ्हायलंय."

ईश्वरी दोन पावलांवर उभी होती. तिनं गळ्यातली चकती मुठीत घट्ट धरली होती.

यमुनेनं कानाला लावलेला हात खाली घेतला. त्या तळहाताला मेंढीच्या दुधाचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. म्हाळू तिच्या डोळ्यांत बघत होता, आणि हात स्थिर ठेवण्यासाठी सगळा जीव एकवटून बसला होता. बघणाऱ्याला तो हात स्थिरच दिसला असता. तिच्या ओठांना मात्र कळलं.